कायदे कौन्सिलातील गोखले : भाषणे, प्रश्न आणि एक फेटाळलेले विधेयक

लोकप्रतिनिधीच्या कामगिरीचा आढावा घेताना त्याने किती भाषणे केली, किती प्रश्न विचारले आणि किती दिवस तो सभागृहात हजर होता, हे आकडे प्रथम पुढे ठेवले जातात. हे आकडे उपयोगी असतात, यात शंका नाही. तथापि, बोललेल्या शब्दामागे अभ्यास किती होता, एकदा मांडलेली मागणी पुढे किती चिकाटीने लावून धरली आणि त्यातून सामान्य माणसाच्या पदरात काय पडले, हे पाहिल्याखेरीज हा आढावा पूर्ण होत नाही. या दृष्टीने नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची कायदे कौन्सिलातील कारकीर्द आजही अभ्यासण्याजोगी आहे. ज्या सभागृहात त्यांनी काम केले तेथे बहुमत सदैव सरकारचे होते आणि पहिली काही वर्षे तर अंदाजपत्रकावर मत देण्याचाही अधिकार सदस्यांना नव्हता. अशा सभागृहात एकटा सदस्य काय करू शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या भाषणांच्या नोंदीत मिळते.

कौन्सिलाची घडण

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेले गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलाचे सदस्य झाले. शेतसाऱ्याच्या थकबाकीसाठी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मर्यादित करणारे विधेयक १९०१ मध्ये तेथे आले. पुण्यात ऑगस्टमध्ये भरलेल्या बैठकीत सर फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. त्याच वर्षी मेहता यांच्या जागी गोखले यांची निवड गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलावर झाली. १९०२ पासून १९१५ मधील मृत्यूपर्यंत ते या कौन्सिलाचे सदस्य होते.

या कौन्सिलाचे अधिकार १८९२ च्या कायद्याने ठरविलेले होते. वर्षातून एकदा अंदाजपत्रकावर चर्चा होई. परंतु त्यावर ठराव मांडता येत नसे आणि मतदानही होत नसे. पूर्वसूचना देऊन प्रश्न विचारण्याची मुभा होती, मात्र मिळालेल्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारता येत नसे. उत्तर अपुरे असले तरी सदस्याला खाली बसावे लागे. सभागृहाच्या अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय असत आणि सरकारी अधिकाऱ्यांची संख्या बिनसरकारी सदस्यांपेक्षा अधिक असे.

पहिले अंदाजपत्रकी भाषण

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्ता येथे गोखले यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्यांचे वय त्या वेळी ३५ वर्षांचे होते. सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक पडली होती आणि तीबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन होत होते. त्या अभिनंदनात आपण मनापासून सहभागी होऊ शकत नाही, असे गोखले यांनी सांगितले. त्याचे कारणही त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले.

त्यांचा मुद्दा एका साध्या उदाहरणावरून समजू शकेल. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये पौंडांत मोठा खर्च करावा लागे. रुपयाचा भाव १३ पेन्स असताना एक लाख पौंड पाठविण्यासाठी सुमारे साडेअठरा लाख रुपये लागत. भाव १६ पेन्स झाल्यावर तेवढ्यासाठी १५ लाख रुपये पुरत. रुपया घसरत होता त्या काळात ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले होते. पुढे रुपया सावरला, सरकारचा खर्च त्या मानाने कमी झाला. पण कर मात्र चढेच राहिले. तेव्हा शिल्लक उरली ती लोक श्रीमंत झाले म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडून गरजेपेक्षा अधिक वसूल होत राहिले म्हणून, असे गोखले यांचे प्रतिपादन होते. ज्या वर्षांत ही शिल्लक पडली त्याच सुमारास देशाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ सोसले होते आणि मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते. तिजोरी भरलेली आणि रयत हलाखीत, ही विसंगती त्यांनी सभागृहापुढे ठेवली.

टीका करून ते थांबले नाहीत. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची किमान मर्यादा वाढवावी, शेतसाऱ्यात सूट द्यावी आणि शिक्षणावरील खर्च वाढवावा, अशा निश्चित मागण्या त्यांनी केल्या. मिठाचा कर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये होता. गरिबाला मिठावाचून चालत नाही आणि करामुळे त्याचा वापर आखडतो, हे त्यांनी वापराचे आकडे देऊन दाखविले. १९०३ मध्ये हा कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये वार्षिक ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर नेण्यात आली. याचे सर्व श्रेय एकट्या गोखले यांना देणे योग्य होणार नाही. काँग्रेसने आणि इतर सदस्यांनीही या मागण्या केल्या होत्या. परंतु त्या दरवर्षी नव्या आकड्यांनिशी सभागृहात मांडण्याचे काम त्यांनी सातत्याने केले, हे नोंदींवरून स्पष्ट होते.

आकड्यांमागील परिश्रम

ही भाषणे एका रात्रीत तयार होत नसत. गोखले मूळचे गणिताचे शिक्षक; शाळांतून चालणारे अंकगणिताचे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या देखरेखीखाली त्यांनी सरकारी अहवाल वाचण्याची, टिपणे काढण्याची आणि प्रत्येक विधानाला आधार देण्याची शिस्त अंगी बाणविली होती. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना ही तयारी कामास आली.

या कामात त्यांना रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे बहुमोल साहाय्य मिळाले. जोशी हे सरकारी शिक्षण खात्यातील मुख्याध्यापक. परंतु देशाच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका सूक्ष्म अभ्यास केलेले लोक त्या काळी फार थोडे होते. कलकत्त्यात घुमलेल्या भाषणांतील अनेक कोष्टकांमागे या शिक्षकाचे श्रम होते. सभागृहात एक सदस्य बोलत असला तरी त्याच्या पाठीशी अभ्यास करणारी माणसे असावी लागतात, हे यावरून लक्षात येते.

गोखले यांच्या आकड्यांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ते बहुतांशी सरकारनेच प्रसिद्ध केलेले असत. त्यामुळे अर्थसदस्यांना ते खोटे ठरविता येत नसत. फार तर त्यांचा निराळा अर्थ लावावा लागे. वादाचे क्षेत्र अशा रीतीने वस्तुस्थितीकडून धोरणाकडे वळे आणि तेथे लोकप्रतिनिधीचे म्हणणे ऐकून घेणे सरकारला भाग पडे.

प्रश्न आणि ठराव

१९०९ च्या सुधारणांमुळे कौन्सिलाचा विस्तार झाला. अंदाजपत्रकावर आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयांवर ठराव मांडण्याचा आणि त्यांवर मत नोंदविण्याचा अधिकार सदस्यांना मिळाला. मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला पूरक प्रश्न विचारण्याचीही परवानगी मिळाली. मंजूर झालेला ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता आणि मध्यवर्ती कौन्सिलात सरकारी बहुमत कायमच होते. तरीही गोखले यांनी या नव्या साधनांचा तत्काळ उपयोग केला.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. ‘गिरमिट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत गरीब माणूस ठराविक वर्षांच्या कराराने परमुलखात जाई आणि करार मोडल्यास त्याला फौजदारी शिक्षा होई. सरकारने हा ठराव स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळसाठी होणारी भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी ही पद्धत सर्वच वसाहतींसाठी बंद करावी, असा दुसरा ठराव त्यांनी मांडला. तो मात्र सरकारी बहुमताने फेटाळला गेला. गोखले यांच्या मृत्यूनंतर, मार्च १९१६ मध्ये, पंडित मदनमोहन मालवीय यांनी हाच विषय पुन्हा कौन्सिलापुढे आणला. या वेळी सरकारने मागणी तत्त्वतः मान्य केली आणि १९१७ मध्ये भरती थांबविण्यात आली. पराभूत झालेला ठरावही नोंदीत राहतो आणि पुढील सदस्याला तेथून पुढे जाता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

प्राथमिक शिक्षणाचे विधेयक

गोखले यांच्या संसदीय कार्याचा कळस म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. मार्च १९१० मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने आरंभ करावा, असा ठराव मांडला. प्राथमिक शाळांत जाणाऱ्या मुलांचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण ब्रिटिश हिंदुस्थानात अवघे १.९ टक्के होते, हे त्यांनी दाखवून दिले. हे शिक्षण आपल्या देशात अशक्य आहे, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी बडोदे संस्थानाचा दाखला दिला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू करून १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला होता. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर गोखले यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी मध्यवर्ती सरकारात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले.

तेवढ्यावर समाधान न मानता १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले. त्याची रचना अत्यंत सावध होती. सक्ती एकदम सर्व देशाला लागू करावयाची नव्हती. ज्या क्षेत्रात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने सरकारच्या पूर्वसंमतीने ती लागू करावी, अशी तरतूद होती. प्रथम ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांचा विचार होता. मुलींना ती पुढे लागू करता येणार होती. स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसविता येणार होता आणि खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने व दोन भाग सरकारने सोसावेत, अशी कल्पना होती. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांकडून फी घेतली जाणार नव्हती.

विधेयक लोकमतासाठी वर्षभर फिरविण्यात आले. बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल अभिप्राय दिले. काही हिंदी सदस्यांनीही करवाढीच्या व सक्तीच्या भीतीने विरोध केला. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे, एवढीच गोखले यांची मागणी होती. ती ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळण्यात आली. निकाल काय लागणार हे त्यांना आधीच ठाऊक होते आणि तसे त्यांनी सभागृहात बोलूनही दाखविले. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणेच आले आहे, या आशयाचे त्यांचे त्या वेळचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

पुढील इतिहास त्या विधेयकाच्या बाजूने उभा राहिला. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना हे अधिकार देणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्यातही शाळा उपलब्ध करण्याची व प्रत्येक बालक शाळेत येईल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे.

मर्यादा आणि बोध

गोखले यांच्या कारकीर्दीला मर्यादाही होत्या. अर्जविनंत्यांच्या मार्गाने परकीय सत्ता फार काही देणार नाही, असा आक्षेप त्यांच्यावर जहाल पक्षाने सातत्याने घेतला. १९०७ च्या सभाबंदीच्या विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. परंतु १९१० च्या मुद्रण विधेयकाला तसा विरोध केला नाही आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. भाषणांची नोंद जतन करण्याचा हाही एक लाभ आहे की, तीत सदस्याचे यश व उणिवा या दोहोंना जागा असते.

आज परिस्थिती पालटली आहे. संसदेत व विधानमंडळात तारांकित प्रश्नावर इतर सदस्यांनाही पूरक प्रश्न विचारता येतात. अंदाजपत्रकावर मतदान होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले असून ग्रामसभेत सामान्य मतदारालाही गावाच्या जमाखर्चाविषयी विचारता येते. गोखले यांच्यापाशी यांतील फारच थोडे होते. त्यांच्यापाशी होती ती सरकारी अहवालांची बारकाईने वाचलेली पाने, साहाय्याला एक मुख्याध्यापक आणि नाकारलेली मागणी पुढल्या वर्षी पुन्हा मांडण्याची तयारी.

पंचायत सदस्याने सभेस जाण्यापूर्वी अंदाजपत्रक वाचणे, शिक्षकाने गावातील शाळाबाह्य मुलांची अचूक यादी ठेवणे, अधिकाऱ्याने प्रश्नाला पूर्ण व खरे उत्तर देणे आणि सभेचे इतिवृत्त नीट लिहिले जाणे, या बाबी किरकोळ वाटल्या तरी लोकशाहीचे दैनंदिन काम याच बाबींवर चालते. ३८ विरुद्ध १३ या निकालाने १९१२ साली एक विधेयक संपले. त्यामागची मागणी मात्र संपली नाही. कारण ती पुराव्यानिशी मांडलेली होती आणि नोंदीत राहिली होती.