दोन कंपन्या, तार एकच

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर ओतूरच्या अलीकडे, वस्तीवर आहे. मुलगा पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरीला. आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतो. सून ऑनलाइन शिकवण्या घेते. घरात फायबर आहे, पण गेल्या पावसाळ्यात दोन वेळा आठवडाभर बंद होते. आता मुलगा दुसऱ्या कंपनीचेही कनेक्शन घ्यायचे म्हणतो. गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांचे काम बघणारा माणूस एकच आहे. तो म्हणतो, वर्षाचे पैसे एकदम द्या, राउटर फुकट बसवतो. एका घरात दोन कनेक्शन कायद्याने चालतात का? आणि वर्षाचे पैसे आधी द्यावेत का?
– एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : दोनच काय, तीन घेतलीत तरी कायद्याची आडकाठी नाही. प्रत्येक कंपनी आपली केवायसी स्वतंत्र करून घेईल. दोन्ही कनेक्शन तुमच्याच नावावर असली तरी चालते. पण तुमच्या पत्रातली खरी गोम तुम्ही 'गंमत' म्हणून सांगितली आहे.

गावाकडे शेवटच्या टप्प्याची तार बहुतेक वेळा कंपनी स्वतः ओढत नाही, स्थानिक केबलवाला ओढतो. बीएसएनएलदेखील घरगुती फायबर गावोगावी अशा भागीदारांमार्फत देते आणि त्यांना उत्पन्नातला वाटा देते. खासगी कंपन्यांची तऱ्हाही फारशी वेगळी नसते. मग होते असे, की बिलावर नावे दोन, पण वस्तीपर्यंत आलेली केबल एकच, तिच्यातल्या काचेच्या दोन तारा वेगळ्या. एका तारेवर डबीत फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरे जोडलेली असतात. रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा जलजीवन योजनेच्या पाइपासाठी चर खणताना जेसीबीचा दात त्या केबलला लागला, की दोन्ही कंपन्या एकाच क्षणी गप्प. तुम्ही दुप्पट पैसे भरून एकच जोखीम दोनदा विकत घेतलेली असते.

तेव्हा पैसे देण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा करा. पुढच्या वेळी तुमचे नेट जाईल तेव्हा दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला लगेच फोन करा. त्याचेही गेलेले असेल तर दुसरे कनेक्शन घेऊन काही साधणार नाही. घरासमोरच्या खांबावरची डबीही बघून घ्या आणि केबलवाल्याला सरळ विचारा : तार कोणत्या रस्त्याने येते, तारेच्या पलीकडच्या टोकाचे मशीन कुठे ठेवले आहे, लाइट गेल्यावर त्या मशीनला बॅटरी किती तास पुरते? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, पण तिकडचे मशीन झोपलेले असते.

वाट खरोखर वेगळी हवी असेल, तर दुसरे कनेक्शन टॉवरवरून येणारे फाइव्ह-जीचे घ्या. बड्या खासगी कंपन्यांनी २०२३ पासून घरासाठी अशी यंत्रे आणली आहेत. टॉवरही बऱ्याचदा फायबरवरच चालतो, पण तो मार्ग सहसा निराळा असतो. अडचण रेंजची. १९७१ साली तुमच्या ज्या तालुक्यातल्या आर्वीत परदेशी फोन उपग्रहाने जोडणारे विक्रम भूकेंद्र उभे राहिले, तिथल्या वस्त्यांवर आजही रेंज बघायला गच्चीवर चढावे लागते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगर आडवे येतात, तिथे तर आधी चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

दुसरे कनेक्शन मोठ्या वेगाचे घेण्याचे कारण नाही. व्हिडिओ मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात. सर्वांत स्वस्त प्लॅन घ्या. दोन लाइन एका राउटरला जोडता येतात. त्यासाठी दोन लाइन घेणारा राउटर लागतो आणि एक बंद पडली की तो दुसरीवर जातो. मात्र १०० आणि १०० मिळून एकाच मीटिंगला २०० मिळत नाहीत. लाइन बदलताना आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे ऑफिसच्या व्हीपीएनवर पुन्हा लॉगिन करावे लागेल, हे मुलाला माहीत असू द्या.

आता पैशाचे. वर्षाचे आगाऊ देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी लाइन अडीअडचणीची आहे. ती महिन्याच्या किंवा तिमाहीच्या बोलीवर घ्या, सवलत गेली तरी चालेल. पैसे कंपनीच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून भरा आणि पावतीवर कंपनीचे नाव, तिचा जीएसटी क्रमांक व १८ टक्के कर वेगळा दाखवला आहे ना, ते पाहा. केबलवाल्याच्या वहीतल्या चिठ्ठीवर तुमचा करार त्याच्याशी होतो. उद्या तो धंदा बंद करून गेला तर कंपनी म्हणेल, हा ग्राहक आमच्या दप्तरी नाहीच. 'फुकट' राउटर बक्षीस आहे, भाड्याने आहे की कनेक्शन सोडताना परत करायचा आहे, हे लिहून घ्या. भांडणे बहुधा इथेच होतात.

आठवडाभर बंद राहिलेल्या नेटचे काय? पत्रात तुम्ही त्याची भरपाई मागितलेलीच नाही. फोनवर केबलवाला 'बघतो' म्हणाला, म्हणजे तक्रार झाली असे नव्हे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद होऊन क्रमांक मिळाला पाहिजे. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. नेट गेले की भिंतीवरच्या डबीचा फोटो काढून ठेवा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर उजेडच पोहोचत नाही. म्हणजे तार तुटली, वाकली किंवा जोड निखळला. 'तुमच्या राउटरमध्येच दोष आहे' या उत्तराला तो एक फोटो पुरतो.

पुढची पायरी ग्राहक आयोगाची. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे कंपन्या वर्षानुवर्षे सांगत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात हा मुद्दा निकाली काढला : चालतात. २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही हा हक्क शाबूत ठेवला आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षांची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, दावा करता येतो. कंपनीचे मुख्यालय मुंबईत की दिल्लीत, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. आधी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५वर फोन करा, पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

समोरचा वकील म्हणेल, सूनबाई शिकवण्या घेतात, म्हणजे हा व्यावसायिक वापर, हे ग्राहकच नव्हेत. घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वतः करत असलेला धंदा कायद्याने त्यातून वगळला आहे.

एक सांगायचे राहिले. काचेतून वीज वाहत नाही, पण बाहेरच्या केबलला ताण सोसण्यासाठी बहुधा पोलादी तार असते आणि तिच्यातून वीज नक्कीच वाहते. केबल महावितरणच्या खांबावरून विजेच्या तारेला खेटून आणू देऊ नका. पोलादी तार वळचणीलाच कापायला लावा; घरात फक्त काचेची दोरी येऊ द्या.

प्रश्न : मंचरला आमची २२ सदनिकांची इमारत आहे. बिल्डरने एकाच इंटरनेट कंपनीशी करार केला आहे आणि दुसरीला तार आत आणू देत नाही. हे योग्य आहे का? – एक सदनिकाधारक

उत्तर : नाही. पण तुम्हाला वाटते तितके हे सरळही नाही. दूरसंचार कायदा सांगतो, की मार्गाचा हक्क देताना कंपन्या-कंपन्यांत भेदभाव करू नये आणि 'शक्य तितके' एकाच कंपनीला मक्ता देऊ नये. 'शक्य तितके' या दोन शब्दांच्या आडोशाला बिल्डर उभा राहील. शिवाय खासगी जागेत शिरण्यासाठी अर्ज कंपनीने मालकाकडे करायचा असतो. तुमच्या एकट्याच्या पत्राने तार आत येणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न : सोसायटीची नोंदणी झाली आहे का? झाली असेल आणि इमारत तुमच्या ताब्यात असेल तर जिना, गच्ची आणि वायरिंगचे डक्ट यांचा कारभार सोसायटीकडे येतो. सर्वसाधारण सभेत ठराव करा, बिल्डरकडून त्या कराराची प्रत लेखी मागा आणि ठरावासह दुसऱ्या कंपनीला बोलवा. भोके पाडून भिंत पूर्ववत करण्याची अट करारात घाला. नाहीतर पुढच्या पावसात ओल आली, की लोक तुम्हालाच बोल लावतील. नोंदणी झालीच नसेल, तर इंटरनेट राहू द्या, आधी ती करून घ्या.

प्रश्न : भीमाशंकर रस्त्यावर आमच्या चार निवासी खोल्या आहेत. घरच्याच फायबरचा पासवर्ड पाहुण्यांना देतो. आता वेगळे पैसे घ्यावे म्हणतो. चालेल? आणि नेटच्या बिलावरचा जीएसटी परत मिळतो का? – आंबेगाव तालुक्यातून

उत्तर : पैसे घेऊन घरगुती लाइन वाटणे म्हणजे तिची पुनर्विक्री झाली, आणि घरगुती प्लॅनच्या अटींत तिला साधारणपणे मनाई असते. फुकट दिलेत तरी एक धोका राहतो. एखाद्या पाहुण्याने तुमच्या वायफायवरून फसवणूक केली, तर आयपी पत्त्यावरून पोलीस येतील ते तुमच्याच दारात. सरकारने डिसेंबर २०२०मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना याच कामासाठी आहे. तिच्यात दुकानदाराला किंवा निवासचालकाला परवाना लागत नाही, फी नाही. नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी, म्हणजे अशी वायफाय केंद्रे एकत्र जोडणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यायचे. पाहुणा आपल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने आत येतो, म्हणजे कोण केव्हा जोडला गेला याची नोंद राहते. हे जमेपर्यंत निदान पाहुण्यांचे वायफाय वेगळ्या नावाने चालवा आणि पासवर्ड बदलत जा.

जीएसटीचे उत्तर निराशाजनक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीचीच गरज नाही. बिलाची पूर्ण रक्कम, करासह, धंद्याचा खर्च म्हणून आयकरात दाखवा. त्यासाठी बिल निवासाच्या नावावर किंवा तुमच्या नावावर हवे. ते वडिलांच्या नावावर असेल तर आधी बदलून घ्या.