कुंभकोणमच्या पोटातले खडक

प्रश्न : आमचं घराणं मराठेशाहीपासून कुंभकोणमचं. कुत्तालमकडे जाताना भातशेतांत ओएनजीसीच्या तेलविहिरी दिसतात. त्यांतली एक ‘सँड’ची, दुसरी ‘बेसमेंट’ची असं ऐकतो. वर तर सगळीकडे कावेरीचा गाळच आहे. मग हा भेद कशावरून करतात? – एक वाचक, कुंभकोणम

उत्तर : वरचा गाळ इथे मोजायचाच नाही. विहीर खाली जाताना अनेक थर भेदते, पण ज्या थरातून तेल घेतलं जातं त्याच्या नावाने ती ओळखली जाते. त्या थरांची नावं तुमच्या ओळखीची निघतील : कुडवासल, नन्नीलम, कमलापुरम, भुवनगिरी. भूवैज्ञानिकांनी तुमच्याच भागातली गावं जमिनीखाली नेऊन ठेवली आहेत! कुडवासल म्हणजे मुख्यतः शेल (चिकणमातीचा खडक), भुवनगिरी म्हणजे वालुकाश्म. वालुकाश्मात कणांमधल्या फटींत तेल साठतं; अशी विहीर ‘सँड’ची. शेल इतका घट्ट की बहुधा तो साठलेल्या तेलावर झाकणाचं काम करतो.

‘बेसमेंट’ची गोष्ट न्यारी. गोंडवन खंड फुटताना कावेरी खोऱ्याचा तळ तुटला. काही भाग खचले, काही उंच राहिले. कुंभकोणमपासून शीर्काळीजवळच्या मदनमकडे जाणारा असाच उंच राहिलेला एक कणा गाळाखाली दडलेला आहे. तो अतिप्राचीन स्फटिकी खडकाचा. त्यात जीवावशेष नाहीत, म्हणजे तेल तिथे जन्मूच शकत नाही; मुळातली सच्छिद्रताही नाही. तरीही मदनमला ते सापडलं, कारण शेजारच्या खोल भागातल्या शेलमध्ये तयार झालेलं तेल या खडकाच्या भेगांत शिरलं. मला तरी सगळ्या प्रकारांत हाच सर्वांत नवलाचा वाटतो.

थर ओळखतात तो खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यावरून, त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून आणि विहिरीत सोडलेल्या उपकरणांवरून. या उपकरणांनी घेतलेली, खडकातून येणाऱ्या गॅमा किरणांची नोंद शेलसमोर सहसा वाढते, स्वच्छ वालुकाश्मासमोर उतरते. ग्रॅनाइटसारख्या खडकातही पोटॅशियममुळे ती चढते, म्हणून एकाच नोंदीवर कुणी विसंबत नाही.

आणखी एक. खालच्या थरातून पाणीच येऊ लागलं, तर तो बंद करून वरच्या थरासमोर विहिरीतल्या पोलादी नळीला भोकं पाडतात. मग तीच विहीर दुसऱ्या थराच्या खात्यात जाते.