कर्ता कोण? : व्यवहाराची आकृती काढण्याचा एक पाठ

‘अर्ज स्वीकारला जातो, तपासला जातो व दाखला दिला जातो.’ कार्यालयीन मराठीतले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण अर्ज स्वीकारतो कोण आणि तपासतो कोण, हे त्यातून कळत नाही. कर्मकर्तरी प्रयोगात कर्ता गाळता येतो. आकृतीत तो गाळला की रिकामी जागा लगेच दिसते.

माणसे आणि कार्यपद्धती यांचा संबंध दाखवणारी ‘यूज केस’ ही मांडणी स्वीडिश संगणकतज्ज्ञ इव्हार याकोबसन यांनी पुढे आणली. १९९२ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले, आणि १९९७ साली मान्यता मिळालेल्या ‘यूएमएल’ या चित्रभाषेत तिचा समावेश झाला. तिची चिन्हे मोजकी आहेत : कर्त्यासाठी काड्यांची मानवाकृती, कामासाठी लंबगोल, व्यवस्थेच्या सीमेसाठी चौकट आणि संबंधासाठी रेघ.

शाळा सोडल्याचा दाखला हे उदाहरण घेऊ. चौकट शाळेच्या कार्यालयाची. आत ‘दाखला मागणे’, ‘नोंद दुरुस्त करून घेणे’ असे लंबगोल, बाहेर पालक. दोन नियम पाळावेत. कर्त्याच्या जागी व्यक्तीचे नाव नव्हे, भूमिका लिहावी. आणि लंबगोलात क्रियापद असावे. ‘दाखला’ ही वस्तू झाली, ‘दाखला मागणे’ हे काम. चौकट कोणाची, हेही आधी ठरवावे. ती कार्यालयाची असेल तर लिपिक आत असतो; संगणकप्रणालीची असेल तर लिपिकही बाहेरचा कर्ता ठरतो.

आता सीमाभागातील पालकाचा विचार करा. अर्जाची लिपी त्याला वाचता येत नाही, म्हणून तो दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतो. कार्यालयाच्या आकृतीत हा ‘अर्ज लिहून देणारा’ सहसा नसतो. पण मुलाच्या आडनावातली वेलांटी किंवा जन्मतारीख चुकण्याची शक्यता त्याच्याच टप्प्यावर असते, आणि ती चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरते. त्याची आकृती काढली, तरच ‘अर्ज वाचून दाखवणे’ हा लंबगोल हवा, हे सुचते.

ही आकृती कामांचा क्रम सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक भूमिकेला वेगळा पट्टा देणारी क्रिया-आकृती काढावी.

स्वाध्याय : आपल्या ग्रंथालयाच्या नियमावलीतील कर्मकर्तरी वाक्ये शोधा, प्रत्येकाचा कर्ता लिहा आणि मग आकृती काढा. ज्या वाक्याला कर्ता सापडणार नाही, त्या कामाची जबाबदारी कोणावर आहे, हे ग्रंथपालांना विचारा.