एका खोलीतलं बाळ दुपारी कुठे झोपतं

पोरी, माहेरचा आराम संपवून बाळाला घरी आणायच्या आधीच तुझी काळजी घरी पोचली म्हणायची! ‘मावशी, आमच्या एवढ्याशा खोलीत त्याला दिवसा झोपवू तरी कुठे?’ अगं, मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. १९२०च्या दशकात त्या बांधल्या, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तान्ही बाळं तिथे दुपारची झोपत आली. तान्हं मूल दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपतं खरं, पण त्याला जागा लागते ती दोन पाटांची. ती कशी राखायची तेवढं ऐक.

१. बाळाचा एक कोपरा ठरव आणि रोज तोच ठेव — आज दिवाण, उद्या सतरंजी असं केलंस की बाळ कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला नव्याने आठवावं लागतं, आणि एखाद्याला नेमकं आठवत नाही.

२. कोपरा ठरवताना आधी ओट्यापाशी उभी राहून बघ, मग मोरीच्या दारातून बघ. दोन्हीकडून बाळाचं तोंड दिसायला हवं — खोली वीतभर, तर नजर घरभर.

३. दारापासून मोरीपर्यंतची वाट मात्र सोड — भरलेली बादली घेऊन येणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही.

४. मग मान वर करून बघ. फळीवरचे डबे, भिंतीवरचं घड्याळ, खिळ्याला अडकवलेली छत्री, काहीही बाळाच्या डोक्यावर नको, आणि मोबाइलच्या चार्जरची वायर हाताशी नको.

५. खाली सतरंजी, वर घट्ट दुमडलेली गोधडी, तिच्यावर ताणून खोचलेलं सुती कापड, एवढंच अंथरूण. सासूबाईंनी हौसेनं कापूस पिंजून करवलेल्या गादीवर तू खुशाल लोळ. मऊ ते म्हाताऱ्याला, सपाट ते तान्ह्याला — मऊ गादीत नाक रुतलं तर एवढ्याशा जिवाला मान सोडवून घेता येत नाही.

६. दर झोपेला पाठीवरच झोपव, दुपारच्या डुलकीलासुद्धा. कुशीवर ठेवलं तर दुधाची गुळणी बाहेर पडते, असं चार बायका सांगतील आणि मायेनंच सांगतील. पण धडधाकट बाळ उताणं झोपलं म्हणून त्याला जास्त ठसका लागत नाही, आणि कुशीवरचं मूल कधी पालथं होईल याचा नेम नाही. अमेरिकेत १९९४ साली ‘बाळांना पाठीवर झोपवा’ म्हणून देशभर मोहीम काढली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. खर्च शून्य, म्हणून हे सगळ्यांत आधी पाळ. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढ आणि मग निजव.

७. मोहरीची उशी नको, लोड नको, शेजारी मऊ खेळणी नकोत — तोंडावर काय आलं ते त्याला बाजूला सारता येत नाही. डोकं गोल व्हायचं म्हणशील तर झोपवताना तोंड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे कर, आणि जागं असेल तेव्हा समोर बसून थोडा वेळ पालथं घाल.

८. झोळीचं जरा सविस्तर सांगते, कारण आजीची जुनी नऊवारी तू जपून ठेवली आहेस हे मला ठाऊक आहे. बांध, जरूर बांध. पण पंख्याच्या हुकाला नाही, आणि गाठ रोज ओढून बघ. झोळीत बाळ गोळा होऊन निजतं आणि हनुवटी छातीला टेकते — तान्ह्याची श्वासाची वाट अरुंद असते, ती तेवढ्यानेही दबते. म्हणून तू शेजारी बसून झोका दे, डोळा लागला की अलगद उचलून कोपऱ्यात सपाट निजव. झोळी रडं थांबवायला, जमीन झोपायला. थोरल्याला सांगून ठेव, झोका मोठ्या माणसानंच द्यायचा.

९. दिवाणावर एकटं ठेवू नकोस, उशांचं कुंपण करूनही नाही — दिवाण आणि भिंत यांच्यातली फट आपल्याला दिसत नाही, पण बाळ त्यात अडकू शकतं. सोफ्यावर पाजता पाजता तुला पेंग आली, तर बाळ आधी दुसऱ्याच्या हातात दे.

१०. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी दिवसासुद्धा लाव — डेंग्यूचा डास दिवसाच चावतो. अगरबत्तीचा, कॉइलचा धूर मात्र बाळाजवळ नको.

११. शेकशेगडी आणि धुरी यांचा हट्ट कुणी केला तर हात जोड आणि नाही म्हण. दारं-खिडक्या लावलेल्या लहान खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साचतो — त्याला ना वास, ना रंग, त्यामुळे कुणाला कळतही नाही.

१२. घरात झोपताना टोपडं, कुंची काढून ठेव, आणि गळ्यातले काळे मणी मनगटावर बांध — टोपडं नाकावर सरकतं, दोरा गळ्याला आवळतो. उकडतंय का हे मानेमागे हात लावून बघ; हातपाय गार लागले म्हणून दुपट्यावर दुपटं चढवू नकोस.

१३. दिवसा पडदे ओढू नकोस, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत — दिवस-रात्र वेगळी असते हे बाळाला हळूहळू उमगायला हवं. आणि फोनवर एवढं कुजबुजू नकोस गं, मला काही ऐकू येत नाही.

१४. बाळ निजलं की भांड्यांकडे धावू नकोस, तूही आडवी हो, शेजारच्या सतरंजीवर. दोन-तीन तासांनी पुन्हा पाजायचं असतं. पाहुण्यांना चारनंतर बोलवावं. हे सांगायचं काम तुझ्या नवऱ्याचं.

१५. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ कूस बदलायला लागेल, तेव्हा झोळी उतरवून घडी घालून ठेव आणि कोपऱ्याभोवती हातभर जागा आणखी मोकळी कर. त्या सुमाराला मी येतेच आहे. दिवाण कुठे सरकवायचा ते दोघी मिळून बघू.