माल भरण्याआधी मीटरवरचे दिवे वाचा

पावसाळा सरला की पिकअपला उसंत नसते. टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची, दसरा-दिवाळीचा झेंडू असा सगळा माल एकदमच बाजाराला निघतो. गाडी मात्र चार महिने चिखलात फिरलेली आणि पावसात उघड्यावर उभी राहिलेली असते. याच दिवसांत मीटरवर एखादा दिवा लागून राहतो आणि ‘गाडी चालतेय ना, मग जाऊ द्या’ म्हणत माल भरला जातो. ही सवय मोडायला हवी.

सुरुवात घरच्या घरी करा. चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. बॅटरीचा दिवा चावी ऑन करूनही लागत नसेल, तर सगळे ठीक आहे असे समजू नका. बल्ब उडालेला असेल किंवा वायर तुटलेली असेल. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. तो मिळाला नाही तर चार्जिंगच सुरू होत नाही आणि तुम्हाला सांगायला दिवाही नसतो.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा. डिपस्टिकवर ऑइल पुरेसे दिसले तरी प्रेशर तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. इंजिन जाम होण्यापेक्षा टोचन लावून नेलेली गाडी कितीतरी स्वस्त पडते.

बॅटरीच्या दिव्याबाबत मात्र गैरसमज फार आहे. बॅटरी नवी आहे, मुक्कामापर्यंत जाईल, असा हिशेब लोक करतात. पण हा दिवा चार्जिंग थांबल्याचा असतो आणि त्यामागे तुटलेला बेल्ट असू शकतो. अनेक डिझेल गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप फिरतो. शिवाय ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप बऱ्याच पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. म्हणजे बेल्ट गेला की चार्जिंग जाते, इंजिन तापते आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक होतो. नाशिकहून वाशीला माल घेऊन रात्री कसारा घाट उतरताना हे घडले तर काय होईल, याचा विचार करा. बॅटरीचा दिवा लागला की आधी थांबून बेल्ट पाहा. बेल्ट जागेवर नसेल तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नका.

बेल्ट शाबूत असेल तर मोजमाप करा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १२ च्या खाली असेल तर बॅटरी उतरलेली आहे. इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. आकडा १२.६ च्या वर चढतच नसेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. हे आकडे हातात नसताना नवा अल्टरनेटर घेऊ नका. बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघण्याचा’ जुना प्रकारही चालू इंजिनावर कधी करू नका, त्यात अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो.

पावसाळ्यानंतर माझा पहिला संशय असतो तो अर्थवर. इंडिकेटर दिला की दुसराच दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की हेडलाइट मंदावतो, किंवा दोन-तीन दिवे विनाकारण एकत्र लागतात. अशा वेळी बॅटरीपासून चासीला आणि इंजिनला जाणारी जाड वायर तपासा. नट सोडला की लगखाली गंज दिसतो. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पण झाकणे बंद ठेवून. काढताना ऋण टोक आधी आणि जोडताना शेवटी. बॅटरीत पाणी घालायचेच तर डिस्टिल्ड घाला, बोअरचे नको.

गाडी मक्याच्या किंवा कडब्याच्या गंजीशेजारी लागत असेल तर बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. वायरिंग पेट घेते. डिझेल फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, अंदाजाने सेन्सर बदलू नका.

आणि हंगामाआधी बॉडीला जाळी किंवा कॅरिअर वेल्डिंग करून घेणार असाल, तर काम सुरू होण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी स्वतः समोर उभे राहून काढून घ्या.