हृदयाच्या विश्रांतीची परीक्षा



हृदयाचे काम कोणते, असे विचारले तर तुम्ही लगेच सांगाल, 'रक्त ढकलणे.' उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. ढकलण्यासाठी आधी रक्त भरून घ्यावे लागते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतो. त्यातील साधारण ०.३ सेकंद जवनिका आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद सैल होऊन भरतात. या दुसऱ्या भागाला प्रसरण म्हणतात. रक्तदाब वाढलेल्या माणसात पुष्कळदा आधी बिघडते ते हे प्रसरण.

असे का व्हावे? तालमीत रोज जोर काढणाऱ्याचे दंड भरतात. तसेच वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून डाव्या जवनिकेची भिंत जाड होते. पण ती ताठरही होते. पातळ फुगा एका फुंकरीत फुगतो. शेकायची जाड रबरी पिशवी फुगवून पाहा! ताठर जवनिका आकुंचन उत्तम करते, पण सहज भरत नाही. माणसाला मात्र काहीच जाणवत नाही.

हे बाहेरून ओळखायचे कसे? स्वीडनमधील लुंड येथे एड्लर व हर्ट्झ यांनी १९५३ साली श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीने हृदयाची हालचाल प्रथम नोंदली. त्यांचे यंत्र मुळात धातूतील भेगा शोधण्यासाठी होते! आज जळगावला आणि धुळ्यालाही ही तपासणी होते. लोक तिला 'इको' म्हणतात.

चाळीसगावच्या फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐका. गाडी जवळ येताना सूर चढा, दूर जाताना उतरलेला. हाच डॉप्लर परिणाम. रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारताही अशीच बदलते आणि त्यावरून रक्ताचा वेग काढता येतो.

डाव्या कर्णिकेतून जवनिकेत रक्त दोन लाटांनी येते. जवनिका सैल होताच येते ती पहिली 'ई' लाट. शेवटी कर्णिका आकुंचन पावते, तेव्हा येते ती 'ए' लाट. तरुण, निरोगी हृदयात 'ई' उंच असते. जवनिका नीट सैल होईनाशी झाली की 'ई' खुजी होते आणि 'ए' उंचावते. वय वाढल्यावरही थोडेफार असेच घडते.

आता खरी गोम पाहा. बिघाड वाढला की कर्णिकेतला दाब चढतो आणि झडप उघडताच रक्त जोराने आत घुसते. 'ई' पुन्हा उंच होते! आलेख निरोगी माणसासारखा दिसतो, हृदय मात्र अधिक आजारी असते. म्हणून डॉक्टर रक्ताबरोबर झडपेजवळच्या स्नायूचाही वेग मोजतात. जवनिकांमधील पडद्याच्या बाजूस तो सेकंदाला ७ सेंमीहून कमी असेल, तर शिथिलन मंदावल्याचा संशय येतो. रक्त लोटले जाऊन वेगाने येते. आजारी स्नायू मात्र हळूच सैल होतो. तरीही एका आकड्यावर निदान होत नाही. कर्णिकेचा आकार व इतर मापेही जुळवून पाहावी लागतात.

दुर्लक्ष केले तर हा वाढलेला दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि जिना चढतानाही धाप लागते. रक्तदाब वेळीच ताब्यात आणला, तर जाड भिंत पुष्कळ अंशी पूर्ववत होऊ शकते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर दुखत-खुपत नसले तरी डॉक्टरांकडे जायलाच हवे. जेवताना वरून मीठ घेणेही थांबवावे. दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरते.

उदाहरण : शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे. १५ सेंमी खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास किती वेळ लागेल? ध्वनीला जाऊन परत यायचे आहे, हे विसरू नका.
(उत्तर : सुमारे ०.०००२ सेकंद)