वादळे किती आणि वादळ कुठे ? – हंगामी अंदाजाचा एक धडा



गटसभांमधून हवामानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, अमेरिकेत म्हणे सहा महिने आधी वादळांचा आकडा सांगतात. मग ते वादळ कुठल्या किनाऱ्यावर आदळणार हेही सांगत असतील. आपल्याला आपल्या शिवाराचा पाऊस तेवढा का कळत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले तर पुढे कुठलाही हंगामी अंदाज कसा वाचावा हे आपोआप कळेल. म्हणून या अंकात आम्ही हा विषय धड्यासारखा मांडत आहोत.

हरिकेन म्हणजे काय ?

अटलांटिक महासागरात उठणाऱ्या मोठ्या चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. आपल्याकडच्या चक्रीवादळाचाच तो भाऊ. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरच्या पुढे गेला की वादळाला नाव देतात, ११९ च्या पुढे गेला की ते हरिकेन ठरते आणि १७८ च्या पुढे गेले की तीव्र हरिकेन. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही भर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी काढली तर दर हंगामात नाव दिलेली १४ वादळे, त्यांपैकी ७ हरिकेन आणि त्यांतील ३ तीव्र, असा हिशेब येतो.

आपल्याला या भागाविषयी आस्था वाटावी असे एक कारण आहे. क्यूबा, जमैका, अमेरिकेतील फ्लोरिडा आणि लुइझियाना ही सगळी उसाची मुलखे या वादळांच्या वाटेवर आहेत. लुइझियानात ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची लागण चालते आणि त्यानंतर लगेच गाळप सुरू होते. म्हणजे शेतात उभा ऊस तोडीला आलेला, बेणे काढायची घाई, आणि नेमकी तीच वादळांची वेळ. तेथील ऊस उत्पादकाला हा अंदाज म्हणजे वर्तमानपत्रातील करमणूक नव्हे, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आकडा आधी कसा सांगतात ?

कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९८४ सालापासून अटलांटिकच्या हंगामाचा अंदाज जाहीर करण्यास सुरुवात केली. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने असा अंदाज १९९८ पासून देणे सुरू केले. अंदाजाचा आधार मुख्यतः दोन गोष्टींचा.

पहिली, समुद्राचे पाणी किती तापले आहे. वादळाला जळण लागते ते कोमट पाण्याचे. साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर पाणी असेल तर वादळ पोसले जाते.

दुसरी, वरच्या हवेतील वारा. खालचा वारा एका दिशेला आणि वरचा दुसऱ्या दिशेला जोरात वाहू लागला तर वादळाची उतरंड मोडते, ते उभेच राहत नाही. प्रशांत महासागरात एल निनो असला की अटलांटिकवर असा आडवा-उभा वारा वाढतो आणि हरिकेन कमी होतात. ला निना असली की बहुधा उलट घडते.

एल निनो हे नाव आपल्याला नवे नाही. तोच एल निनो आपला पाऊसही बऱ्याचदा ओढून धरतो. २०१५ साली एल निनो जोरात होता. देशात मॉन्सून सरासरीच्या ८६ टक्केच झाला आणि अटलांटिकमध्ये हरिकेन झाली अवघी ४. पण हा नियम काही दगडावरची रेघ नाही. २०२३ मध्येही एल निनो होता, तरी अटलांटिकचे पाणी इतके तापलेले होते की नाव दिलेली वादळे २० झाली.

सारांश, समुद्र आणि वारा यांची ही मोठी चाल सावकाश बदलते, म्हणून हंगामाचा आकडा आधी अंदाजता येतो. तोसुद्धा फार आधी नाही. ग्रे आणि त्यांचे सहकारी पूर्वी डिसेंबरातच पुढील वर्षाचा आकडा देत असत. वीस वर्षांचा ताळा पाहता त्यात काही राम नाही असे त्यांनाच दिसले आणि २०११ च्या डिसेंबरापासून त्यांनी तो आकडा देणे बंद केले. हे प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

मग किनारा का सांगता येत नाही ?

ओढ्याला पाणी आले की त्यात भोवरे पडतात. भोवरा स्वतःभोवती गरगर फिरतो, पण तो या काठाला लागणार की त्या काठाला, हे भोवरा ठरवत नाही, ओढ्याचे पाणी ठरवते. हरिकेनचेही तसेच. त्याला वाहून नेतो तो आजूबाजूचा वारा.

अटलांटिकवर बर्म्यूडा बेटाच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा पट्टा असतो. तो पश्चिमेकडे पसरलेला असला तर वादळे फ्लोरिडाकडे किंवा मेक्सिकोच्या आखाताकडे ढकलली जातात. तो आखडलेला असला तर वादळे मध्येच उत्तरेला वळून भर समुद्रात विरतात. हा पट्टा आठवड्या-आठवड्याला हलतो. ज्या दिवशी वादळ तेथे पोचेल त्या दिवशी पट्टा कुठे असेल, हे एप्रिलमध्ये कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच अमेरिकेचे सरकारी खाते आपल्या हंगामी अंदाजासोबत बजावून सांगते की, हा अंदाज वादळ किनाऱ्यावर कुठे धडकेल याचा नाही.

चार हंगामांचा ताळा

१९८३ – संबंध हंगामात नाव दिलेली वादळे फक्त ४. त्यांतील अलिशिया हे १८ ऑगस्टला टेक्ससमधील गॅल्व्हेस्टनजवळ येऊन आदळले.

१९९२ – अंदाज कमी वादळांचा होता आणि तो खरा ठरला. नाव दिलेली वादळे सहाच झाली. पण त्यांतील पहिलेच अँड्र्यू. ते २४ ऑगस्टला दक्षिण फ्लोरिडावर सर्वोच्च म्हणजे पाचव्या श्रेणीचे होऊन धडकले आणि आखात ओलांडून २६ तारखेला लुइझियानाच्या ऊसपट्ट्यात शिरले. तोवर अमेरिकेत एवढे नुकसान कुठल्याच वादळाने केले नव्हते.

२०१० – वादळे १९, त्यांत हरिकेन १२. एवढा गजबजलेला हंगाम, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन चढले नाही.

२०२० – नाव दिलेली वादळे ३०. त्यांपैकी लॉरा २७ ऑगस्टला लुइझियानात कॅमेरॉनपाशी धडकले आणि ९ ऑक्टोबरला डेल्टा तेथून जेमतेम वीस किलोमीटरवर. एकाच मुलखाला सहा आठवड्यांत दोनदा !

आता सांगा, १९९२ चा अंदाज बरोबर की चूक ? आकड्याचा म्हणाल तर बरोबर. पण दक्षिण फ्लोरिडात ज्याचे छप्पर उडाले त्याला सहा वादळे झाली काय आणि सोळा झाली काय, सारखेच. त्याच्या घरावर एकच आले आणि तेवढे पुरले.

टक्केवारी कशी वाचावी ?

विद्यापीठाचे शास्त्रज्ञ किनाऱ्याबद्दल अगदीच मौन पाळतात असे नाही. ते शक्यता सांगतात. जुन्या नोंदींवरून अमेरिकेच्या एकूण किनाऱ्यावर एखाद्या वर्षी निदान एक तीव्र हरिकेन धडकण्याची शक्यता शंभरात ४३ आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये पाणी तापलेले आणि ला निना येण्याची चिन्हे, म्हणून त्यांनी ती ६२ सांगितली. आखाताच्या किनाऱ्याची २७ वरून ४२ केली. त्या वर्षी हेलीन २६ सप्टेंबरला आणि मिल्टन ९ ऑक्टोबरला, अशी दोन तीव्र वादळे फ्लोरिडावर आली.

पण हे सगळे शेकडो कोसांच्या किनाऱ्याचे गणित झाले. एका तालुक्याचे काय ? समजा एका किनारी तालुक्याची नेहमीची शक्यता शंभरात ४ आहे. धामधुमीच्या वर्षी ती दीडपट झाली, म्हणजे ६. ऐकायला 'दीडपट धोका' मोठे वाटते, पण शंभरातील ९४ वेळा त्या तालुक्याला काहीच होणार नाही. आणि शांत वर्षी ती ३ झाली म्हणून काय घराचे पत्रे सैल सोडायचे ? तीनातील एक पाळी यंदाची असू शकते.

आणखी दोन गैरसमज दूर करू. 'आपल्याकडे इतकी वर्षे आले नाही, म्हणजे येत नाही' हा एक आणि 'बरीच वर्षे झाली, आता आपली पाळी' हा दुसरा. वादळाला पाणीपाळीसारखी पाळी नसते. ऑक्टोबर २००५ ते सप्टेंबर २०१६ एवढ्या काळात फ्लोरिडावर एकही हरिकेन चढले नाही. मग २०१७ ला इर्मा आले आणि २०१८ ला लगेच मायकेल.

आणि 'कुठला किनारा' हा प्रश्नही कधी कधी अपुरा ठरतो. २०२४ चे हेलीन फ्लोरिडात किनाऱ्याला लागले, पण पावसाने सर्वांत मोठा घात केला तो शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरी भागात. १९२८ च्या सप्टेंबरात तर फ्लोरिडाच्या आत असलेल्या ओकीचोबी सरोवराचा मातीचा बांध वादळाने फुटला आणि निदान अडीच हजार माणसे बुडाली. त्यांत बहुसंख्य शेतमजूर होते. पुढे तेथे मोठा धरणबांध घातला गेला. त्याच सरोवराच्या दक्षिणेला आज फ्लोरिडाचा ऊस उभा असतो. तो बांध काही त्या वर्षीचा अंदाज पाहून बांधलेला नाही, कायमचा धोका ओळखून बांधलेला आहे.

नेमके ठिकाण कधी कळते ?

वादळ जन्मल्यावर. मग उपग्रह, विमाने आणि संगणक कामाला लागतात. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र पाच दिवसांची वाट नकाशावर काढून दाखवते. १९७० च्या सुमारास चोवीस तास आधीचा अंदाज सरासरी दोनशे किलोमीटरच्या आसपास चुकत असे, आता तो साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर आला आहे. ही फार मोठी प्रगती आहे. पण ती दिवसांची प्रगती आहे, महिन्यांची नव्हे.

आपण काय घ्यावे ?

आपल्या मॉन्सूनच्या अंदाजालाही हाच न्याय लावावा. एप्रिलमध्ये येतो तो आकडा संबंध देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा. २०१९ च्या एप्रिलमधील अंदाज ९६ टक्के, म्हणजे सामान्य पावसाचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला आणि नदीकाठचा ऊस दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला. 'सामान्य' हा शब्द देशासाठी होता, आपल्या गटनंबरासाठी नव्हता.

म्हणून आमची शिफारस अशी की, कामांचे तीन भाग पाडावेत.

१) कायमची कामे – शेताचे चर मोकळे ठेवणे, पाणथळ जमिनीचा निचरा, वेळेवर मोठी बांधणी, पूररेषेतील बेणेमळा उंचावर हलवणे. ही कामे अंदाज चांगला असो की वाईट, दरवर्षी करायचीच. ऊस लोळला की पांगशा फुटतात, उंदीर लागतो, उतारा घटतो. अंदाज खरा ठरला म्हणून लोळलेला ऊस उभा राहत नाही.

२) हंगामी कामे – पाण्याचे नियोजन, किती क्षेत्र खोडव्याला ठेवायचे, किती नवी लागण करायची. येथे हंगामी अंदाजाचा उपयोग आहे, पण अनेक गोष्टींपैकी एक म्हणून.

३) ऐनवेळची कामे – मोटारी काठावरून वर घेणे, जनावरे हलवणे, खताचा डोस थांबवणे. ही कामे तीन-चार दिवसांच्या इशाऱ्यावर करावीत आणि इशारा आला की लगेच करावीत. तेथे 'बघू उद्या' नको. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

हंगामाचा अंदाज म्हणजे बाजारात किती गाड्या येणार याचा अदमास. आपल्या दारात कुठली गाडी थांबेल हे त्यावरून कळत नाही. अंदाज जरूर ऐकावा, पण चर आणि बांधणी त्याच्या भरवशावर सोडू नये.

शेतकरी चर्चामंडळासाठी प्रश्न

१) हंगामातील वादळांचा आकडा आधी सांगता येतो, पण किनारा सांगता येत नाही. का ?

२) १९९२ आणि २०१० या दोन हंगामांची तुलना करा. शेतकऱ्याने त्यातून काय शिकावे ?

३) 'यंदा पाऊस सामान्य' असे ऐकून आपल्या गावात कोणती कामे मागे पडतात ? त्यांची यादी करून गट कार्यालयाकडे द्यावी. पुढील गटसभेत आम्ही ती चर्चेला घेऊ.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग